सूचीत नाही

पुस्तक मागून उघडायचं, असं मी सांगितलं
तेव्हा शेवटच्या बाकावरचा सेलोर्म खुदकन हसला.
हसू दे.
दर्यावरची पोरं ही,
मासा कुठून उघडायचा ते मी शिकवायला नको,
पुस्तक कुठून, एवढंच माझ्याकडं.

आमचं ग्रंथालय म्हणजे कांद्याची जुनी वखार.
अजूनही दमट दिवसांत
कोशाच्या तिसऱ्या खंडाला कांद्याचा वास येतो.
व्होल्टा जिथं समुद्राला मिळते, त्याच्या पलीकडं
एका अंगाला खाजण, एका अंगाला लाटा,
मधल्या वाळूच्या पट्टीवर आम्ही:
दोनशे बारा मुलं, नऊशे पुस्तकं,
आणि लोखंडी कपाटाच्या पायांवर
मागच्या उधाणानं ओढलेली गंजाची रेघ.

डोत्से आला तो प्रश्न घेऊनच.
वय अकरा. शर्टाला बटणं दोन.
“मॅडम, समुद्रानं आमची गल्ली कधी गिळली?”
दुकानदाराकडं सुटे मागावेत
तसा हात पुढं. त्याला एक साल हवं होतं,
मिळालं की पळणार होता.

मी म्हटलं, शोध.
त्याचं बोट सूचीवरून उतरत गेलं,
कंदील, किनारा, कोळी, खाजण, खार,
गलबत...
गल्ली नव्हती.
पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला, सावकाश,
विहिरीत पडलेली बादली गळानं चाचपावी तसा.

“सूचीत नाही. मग ती नव्हतीच का?”

या प्रश्नाची मी दरवर्षी वाट पाहते.
काही वर्षी तो येतच नाही.

बंदर खात्याचा अहवाल म्हणाला:
गल्ली एका रात्रीत गेली, सालासकट.
चर्चची नोंदवही म्हणाली:
त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच गल्लीत, घर क्रमांक सात,
एका मुलीचा बाप्तिस्मा झाला, पाऊणे दोन किलोंची, अशक्त.
आणि जाळी विणणारे म्हातारे आग्बेको
सुई न थांबवता म्हणाले,
“गेली कुठं? माझ्या जाळ्याला अजून अडकते की.”

डोत्से रडकुंडीला आला.
“यातलं खरं कोण बोलतंय ते तुम्हीच सांगा.”
मला माहीत असतं तर
कदाचित सांगूनही टाकलं असतं, त्या तोंडाकडं बघून.
बरं झालं, मला माहीत नव्हतं.

मी त्याला कार्ड दिलं. तीन रकाने.
कोण सांगतं. कधी सांगितलं. त्याला कसं कळलं.
चौथा त्यानं स्वतःच आखला, पट्टीशिवाय, वाकडा:
असं सांगून त्याला काय मिळालं?
बंदर खात्यापुढं लिहिलं, भरपाई वाचली.
थोडा वेळ पेन्सिल चावली,
आणि ‘वाचली’पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं.

ते मी शिकवलेलं नव्हतं.

पुस्तकात रेघ ओढली म्हणून
मी आजवर किती जणांना दाराबाहेर उभं केलंय.
त्या संध्याकाळी कडी लावून,
चोरासारखी इकडंतिकडं बघून,
मी त्या सूचीत ‘गलबत’च्या खाली
पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं:
गल्ली. पाहा, डोत्सेचं कार्ड.

गोष्ट इथं संपली असती तर मला आवडलं असतं.

पण सोमवारी यायरा आली. ती सगळं मागूनच उघडते आता.
कार्ड वाचलं, उलटं केलं, मागची कोरी बाजूही वाचली.
“सात नंबरचं घर गल्लीत होतं
की गल्लीच्या तोंडाशी? यानं मोजलं का?”
डोत्सेनं माझ्याकडं पाहिलं,
मी खिडकीकडं.
“पाण्यात कसं मोजणार?” तो म्हणाला.
“आग्बेकोंच्या होडीतून. ओहोटीला,” ती म्हणाली.

दोघं भांडतच गेली, वाळूतून,
चपला हातात.
भांडण बराच वेळ ऐकू येत होतं, मग लाटा.

मी नोंदवही ओढली, तारीख घातली:
मोजपट्टी, एक.
बाहेर.